चाक बंद, उपाय कळवणे

॥ श्री ॥

लोझान, स्वित्झर्लंड
कार्तिक, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
मनूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र कागदावर आलं म्हणून घाबरू नका, सगळे ठीक आहेत. तुमच्या जावयांनी माउसच्या चाकावरचा हा सगळा उपाय आधी वर्डमध्येच टाइप केला होता, चित्रं काढून, बाण दाखवून. पाठवणार इतक्यात ईशान म्हणाला, "पण आजोबा ही फाइल खाली कशी सरकवणार?" पोराला सुचलं ते आपल्याला सुचलं नाही, हे जावयांनी मनाला लावून घेतलंय. त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं. आता हे पत्र पडद्याच्या शेजारी धरा आणि आईला मोठ्याने वाचायला सांगा. स्वतः वाचू नका. तुम्ही दोन ओळी वाचता आणि तिसरी मनाने करता.

आधी तुमच्या निरोपांविषयी बोलते. पाटबंधारे खातं सोडून इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही व्हॉट्सॲपवर अजून तारा करता. "चाक बंद. फक्त वर्ड. उपाय कळवणे." दुसऱ्या दिवशी, "कालच्या संदेशास अनुसरून, चाक अद्याप बंद." त्यानंतर आलं ते थेट "स्मरणपत्र". बाबा, आपल्याकडची तार २०१३ साली बंद झाली. आता शब्दाला पैसे पडत नाहीत. चार शब्द सढळ हाताने टाकले असतेत, तर सगळ्यांचा अर्धा महिना वाचला असता.

तुमच्या एवढ्याशा मजकुरावर मिरजेपासून लोझानपर्यंत ज्याने त्याने औषध सांगितलं. जावई म्हणाले, बंद करून पुन्हा चालू करा. पुण्याचा बंडूकाका म्हणाला, व्हायरस असणार. त्याच्या घरचा फ्रीज बंद पडला तेव्हाही तो हेच म्हणाला होता. आई, तुझं म्हणणं, धूळ जाते, माउसवर रात्री रुमाल घालून ठेवा. स्टेशन रोडवरच्या दुकानातल्या पोराने तर माउस हातातही न घेता सांगितलं, "काका, नवा घ्या, साडेतीनशेला." तुम्ही घेतलात. नव्या माउसने पेपर वाचलात, चाक झकास फिरलं. वर्डमध्ये आलात, पुन्हा तेच. मग त्याच पोराने त्याहून भारी, लाल दिवा पेटणारा माउस गळ्यात मारला. आता घरात तीन माउस आहेत, तिन्हींची चाकं वर्डमध्ये चालत नाहीत, आणि आई म्हणते त्यातला एक तरी बोक्याला खेळायला द्या.

फोनवरून झालं ते तर विचारूच नका. जावयांनी सांगितलं, कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि तसंच वर्ड उघडा, म्हणजे ते विचारेल, सेफ मोडमध्ये जायचं का. जोडीला आलेली फालतू ॲडइन्स गोंधळ घालत असतील तर त्या मोडमध्ये ती बाजूला राहतात, कळून येतं. योग्य सल्ला होता. तुम्ही पलीकडून म्हणालात, "सेफमध्ये जायचं का म्हणतोय. म्हणजे आत्तापर्यंत आपण सेफ नव्हतो की काय? नो केलं." व्हिडिओ कॉल लावला तर आम्हांला पंखा दिसला, कालनिर्णय दिसलं, आईचं कोपर दिसलं. पडदा दिसला तोही तिरपा, आणि तेवढ्यात तुमचं बोट कॅमेऱ्यावर आलं. जावई शेवटी फोन ठेवून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मिरजेत सगळ्यांना वाटतं जावई 'काँप्युटरमध्ये' आहेत. ते विम्याच्या पॉलिसींचे तक्ते जुळवतात. माउसशी त्यांचा संबंध तुमच्याइतकाच, हाताखाली असतो एवढाच. पण हे सासुरवाडीला सांगायची सोय नाही.

खरं तर दुसरा माउस घेतलात तेव्हाच निकाल लागला होता. जे चाक पेपर वाचताना चालतं आणि वर्डमध्ये चालत नाही, त्या चाकाचा दोष नाही. आपण कुठल्या सॉफ्टवेअरवर फिरतोय हे चाकाला माहीतच नसतं. ते एवढंच कळवतं, एक खाच पुढे, एक खाच मागे. तुम्हांला आवडेल अशी टिपणी आहे ही. विंडोज त्या एका खाचेचा आकडा १२० धरतं. दहा का नाही, शंभर का नाही? तर पुढेमागे याहून बारीक सरकणारी चाकं आली तर आकड्याचे तुकडे पाडता यावेत म्हणून आधीच मोठा धरून ठेवलाय. हे १२० मग समोर जे सॉफ्टवेअर असेल त्याच्या टेबलावर जातात, आणि पुढची कार्यवाही ते सॉफ्टवेअर ठरवतं. सहसा तीन ओळी खाली. कंट्रोल दाबलेलं असेल तर त्याच १२०चं अक्षर मोठं किंवा लहान होतं. म्हणजे माउसने अर्ज वेळेवर दिलेला आहे, तो कुठे अडला ते वर्डच्या टेबलावर बघायचं. तुम्ही मात्र दर वेळी अर्जदार बदलत होतात.

एवढं शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. ते आलं आमच्याच घरचं चाक बिघडलं म्हणून, आणि त्याला कारण दसरा.

तुमच्या जावयांना इथे आल्यापासून सणांचं फार. तिकडे असताना आपट्याची पानंही मीच आणायचे. इथे मात्र खंडेनवमीला लॅपटॉप, राउटर, टोस्टर, ईशानचा कॅल्क्युलेटर असं सगळं पाटावर मांडून यथासांग पूजा झाली. आईने पाठवलेलं पंढरपूरचं कुंकू, आपली सांगलीची हळद. माउसवर नेमकं कुठे वाहायचं असा प्रश्न पडला, तेव्हा जावयांनी दोन बटणांच्या मधोमध जागा पाहिली आणि भरघोस चिमूट वाहिली. मधोमध म्हणजे कुठे ते तुम्हांला आता कळतंच आहे.

त्यानंतर चाक खाली फिरवलं की पान तीन ओळी खाली जायचं आणि दोन ओळी वर यायचं. सगळीकडे, वर्डमध्ये, ब्राउझरमध्ये, भेदभाव नाही. एका रविवारी जावयांनी स्वतःच माउस उघडायचं ठरवलं. या देशात रविवारी भिंतीला भोक पाडता येत नाही, काचेच्या बाटल्या टाकीत टाकता येत नाहीत, कारण आवाज होतो. माउस उघडायला आवाज होत नाही, म्हणून परवानगी. पण स्क्रूच सापडेनात. पाऊण तास त्यांनी माउस उलटसुलट केला आणि जाहीर केलं की हा उघडायचा नसतोच, कंपनीने चिकटवून टाकलाय.

टाकून देणं इथे सोपं आहे. विजेची वस्तू घेतानाच तिच्या विल्हेवाटीचे पैसे किमतीत धरलेले असतात, त्यामुळे जुनी नेऊन दिली की दुकानदाराला ती फुकट ठेवून घ्यावी लागते, नवी घेतली नाहीत तरी. बाबा, मरणाचा खर्च जन्माच्या वेळीच भरून घेणारा हा देश आहे. पण मी मिरजेची. तारा बदलून बदलून सतार तीन पिढ्या वाजवणाऱ्यांच्या गावची. टाकायचं नाही म्हटलं, आणि रिपेअर कॅफेत घेऊन गेलो.

ही पद्धत मूळची ॲमस्टरडॅमची, २००९ साली निघालेली. आता इथे गावोगाव आहे. एखादं सभागृह घ्यायचं, टेबलं मांडायची, हाताला कसब असलेली निवृत्त मंडळी बसतात, आणि लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात. दुरुस्ती फुकट, दाराशी बरणी, तीत खुशीने टाकायचे. चहा आणि केक असतो. आमच्या पुढे एक बाई चीज वितळवायची रॅक्लेटची शेगडी घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या पुढे एक आजोबा शिवणयंत्र घेऊन. आम्ही रुमालात गुंडाळलेला माउस घेऊन. जावई म्हणाले, "परत जाऊ या, लाज वाटते."

टेबलामागे एक म्हातारे घड्याळजी होते, व्हाले द जू नावाच्या खोऱ्यातले. घड्याळांसाठी जगभर नावाजलेलं खोरं ते. डोळ्याला भिंग, पुढ्यात चिमटे ओळीने. जावयांनी आपल्या ठेवणीतल्या फ्रेंचमध्ये सांगितलं, चाक चालत नाही. म्हातारे म्हणाले, "ते कळलं. मग ते करतं काय?" जावई पुन्हा म्हणाले, चालत नाही. म्हाताऱ्यांनी पुन्हा शांतपणे विचारलं, "चालत नाही ते ऐकलं मी. फिरवल्यावर काय होतं?" दोन वेळा झाल्यावर मी मधे पडले आणि सांगितलं, खाली फिरवलं तर मधूनच वर जातं. ते एकदम खूश झाले. "मग मेलेलं नाही. दिशा चुकतंय."

स्क्रू होते माउसच्या पोटाखालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या आत. पट्ट्या नखाने उचलायच्या, खाली दोन बारीक स्क्रू. मी जावयांकडे बघितलं नाही. ते शिवणयंत्र बघत होते.

आत चाकाच्या कुशीला एक एवढीशी चौकोनी डबी असते, तिला एन्कोडर म्हणतात. काही माउसमध्ये तिथे खाचांची चकती आणि अदृश्य प्रकाशाचा दिवा असतो, पण आमच्यात धातूचे दोन संपर्क होते. तुमच्या भाषेत सांगायचं तर कालव्यावर थोड्या अंतराने दोन पाटकरी उभे केले आहेत. वरचा आधी ओरडला आणि मग खालचा, तर पाणी खाली येतंय. खालचा आधी ओरडला तर काहीतरी उलटं चाललंय. चाक फिरलं की हे दोन संपर्क आळीपाळीने लागतात आणि सुटतात, आणि आधी कोण लागला यावरून माउसला दिशा कळते. आता एका पाटकऱ्याच्या तोंडात कुंकू भरलं तर तो वेळेवर ओरडणार कसा?

म्हाताऱ्यांनी डबीचं झाकण चिमट्याने उचललं आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग चिमट्याच्या टोकावर लाल पूड धरून विचारलं, "रूज?" घड्याळाचे भाग चकचकीत करायला हे लोक लोखंडाच्या गंजाची तांबडी भुकटी वापरतात, तिला रूज म्हणतात. त्यांना वाटलं, कोणीतरी माउसला आतून पॉलिश करायचा प्रयत्न केला. जावयांनी मग खंडेनवमी फ्रेंचमध्ये समजावली. वर्षातून एक दिवस आम्ही अवजारांना नमस्कार करतो, फूल वाहतो, हे लावतो. म्हाताऱ्यांनी भिंग काढलं. सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते मनापासून पटलं. आपल्या चिमट्यांच्या ओळीकडे एकदा बघून म्हणाले, छान चाल आहे. फक्त पुढच्या वर्षी खोक्याला लावा.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, चाक खूप वेळ पुढे मागे, पुन्हा थेंब, वाळू द्यायचं, झालं. ते म्हणाले, घाण असेल तर याने जातं. संपर्क झिजलेलेच असतील तर ही डबी बदलावी लागते, तीही मिलिमीटरात उंची मोजून तेवढीच, नाहीतर चाक बसत नाही. आमची झिजलेली नव्हती.

बोलता बोलता समजलं की आम्ही माउसच्या माहेरातच राहतो. म्हाताऱ्यांच्या खोऱ्यात ल ल्यू नावाचं गाव आहे, तिथे देप्राझ म्हणून कारखाना होता, त्यात माउस बनत. आराखडा इथल्याच तंत्रविद्यापीठातल्या प्राध्यापक निकू यांचा. तेव्हा चाक नव्हतं, पोटात गोळी असायची. आणि लॉजिटेक ही जगभर माउस विकणारी कंपनी १९८१ साली निघाली तीही आमच्या जवळच, आपल नावाच्या खेड्यात. लिहिताना सफरचंदांच्या इंग्रजी नावासारखंच लिहितात, त्यामुळे ईशानला अजून वाटतं मी थाप मारते आहे. मोर्ज स्टेशनावरून तिकडे छोटी गाडी जाते. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकते, मीटर गेज आहे. एकेकाळी तिन्ही गेज असलेल्या जंक्शनच्या माणसाला त्याचं कौतुक वाटणार नाही, पण तुम्ही आलात की नेईन. अशा मुलखात राहून जावयांना माउसचे स्क्रू सापडले नाहीत, हे बंडूकाकाला कळवू नका.

आता मुद्द्यावर येते. रिपेअर कॅफेतून परतताना मेट्रोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की "फिरवल्यावर काय होतं?" हा घड्याळजींचा प्रश्न तुम्हांला आम्ही कोणी विचारलाच नव्हता. दुकानातल्या पोराने नाही, बंडूकाकाने नाही, जावयांनी तर नाहीच. तुम्ही म्हणालात चालत नाही, आणि सगळे औषधं काढून बसले. म्हणून मी तिथूनच लिहिलं, "बाबा, चाक फिरवल्यावर काय होतं ते लिहा आणि पडद्याचा फोटो पाठवा." आणि तुम्ही पहिल्यांदाच सविस्तर अहवाल दिलात: "चाक फिरविले असता मजकूर खाली जात नाही. अख्खे पान डावीकडे सरकते व पुढील पान उजवीकडून येते. सबब वाचनात गैरसोय. अक्षर मोठे करण्याचे बटणही निकामी आहे." हे सगळं तुम्हांला पहिल्या दिवसापासून दिसत होतं! फोटोही आला. त्यात तुमचं बनियनमधलं प्रतिबिंब आहे, मागे आईची तुळस आहे, आणि मधे तुम्ही लिहिताय त्या कुलवृत्तांताची दोन पानं शेजारी शेजारी उभी आहेत. निदान झालं.

आई, इथून सावकाश वाच.

वर्डच्या वरच्या पट्टीत फाइल, होम, इन्सर्ट अशी नावं आहेत. त्यांत 'व्ह्यू' आहे, उजवीकडे. त्यावर एकदा दाबा. खाली चित्रांची रांग बदलेल. त्यात 'पेज मूव्हमेंट' असं बारीक अक्षरात लिहिलेला एक गट आहे, त्यात दोनच चित्रं, 'व्हर्टिकल' आणि 'साइड टू साइड'. तुमच्याकडे साइड टू साइड दाबलेलं दिसेल. त्याच्या शेजारच्या व्हर्टिकलवर दाबा. संपलं. पानं एकाखाली एक येतील, चाक फिरवलं की मजकूर खाली जाईल, आणि अक्षर मोठं करायचं बटणही जिवंत होईल, कारण साइड टू साइडमध्ये वर्ड ते मुद्दाम बंद ठेवतं. बिघाड नाही, पुस्तकाची पानं उलटावीत तसं वाचणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे ती.

ही सोय आपल्या घरात कोणी करून घेतली, हे मी विचारत नाही. आई फोनवर एवढंच म्हणाली की कोजागरीच्या सुमारास तुम्हांला कुलवृत्तांत "छापल्यावर कसा दिसेल" ते बघायचं होतं. मी त्यावर काही म्हटलं नाही. तुम्हांला दोन पानं शेजारी शेजारी हवीच असतील तर त्याच व्ह्यूमध्ये 'मल्टिपल पेजेस' आहे, ते वापरा. त्यात चाक उभंच चालतं.

या सगळ्या प्रकाराने जावयांना वाईट वाटलं, पण ईशानला माउसमध्ये भलताच रस आला. त्याने शोधून काढलं की पहिला माउस लाकडाचा होता, एंगलबार्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९६८ साली डिसेंबरात सान फ्रान्सिस्कोला जाहीर दाखवला, आणि त्याला दोन चाकं होती, पण पोटाखाली, एकमेकांना काटकोनात. मग चाकं गेली, गोळी आली, आणि चाक पाठीवर आलं ते १९९५च्या आसपास. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये इंटेलिमाउस काढला तेव्हा त्याचं चाक समजणारी सॉफ्टवेअर जवळजवळ नव्हतीच. मग त्यांनी चाक समजणारं ऑफिस ९७ काढलं, त्यात वर्डही आलं. मायक्रोसॉफ्टच्या डोक्यात चाक आलं तेही एक्सेलचे मोठमोठे तक्ते चाळताना लोकांची दमछाक बघून, आणि आधीचा विचार होता तो मजकूर लहान-मोठा करणाऱ्या दांडीचा. एक्सेलच्या सेटिंगमध्ये अजून इंटेलिमाउसचं नाव आहे. तुमच्या खात्यात निवृत्त माणसाच्या नावाची पाटी दारावर राहते ना, तशातली गत.

माझा अंदाज, आता स्टेशन रोडवर तुमचं नाव होणार आणि लोक तुमच्याकडे माउस घेऊन येणार. तेव्हा थोडं सांगून ठेवते. चाक फिरवल्यावर अक्षर लहान-मोठं होत असेल तर कंट्रोलचं बटण खाली अडकलंय. कीबोर्ड उलटा करून हलवा, आणि फराळ त्यावर करू नका. आपल्याकडच्या चिवड्यातली खोबऱ्याची चकती त्या फटीत बरोबर बसते. चाक फिरतंय पण बाजूची कॉमेंटची किंवा शीर्षकांची पट्टीच सरकतेय, तर बाण त्या पट्टीवर आहे. तो मजकुरावर आणा. जुन्या विंडोजमध्ये तर नुसता बाण आणून भागायचं नाही, आधी तिथे एक टिचकी मारावी लागायची. फारच हळू वाटत असेल तर विंडोजच्या माउसच्या सेटिंगमध्ये एका खाचेला किती ओळी ते बदलता येतं, तीनच्या जागी पाच करा. आणि चाक उलटं पळत असेल तर माझ्याकडे पाठवा, मी पाटकरी बघते.

कुलवृत्तांताची फाइल मी इकडे उघडून पूर्ण वाचली. आमचं चाक कुंकू काढल्यापासून फारच सुरेख चालतं. काम मोठं केलंयत बाबा, खरंच. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना रफारांची जी वाताहत झाली ती मी लाल खुणांनी दाखवली आहे. ग्वाल्हेरला गेलेल्या शाखेत एक गृहस्थ स्वतःच्या वडिलांच्या आधी जन्मलेले दिसतात, ते तेवढं बघा. दोन तक्रारी आहेत. विहिरीच्या वाटणीचा दावा तुम्ही अकरा पानं चालवलाय. कोर्टाने सुद्धा एवढा चालवला नसेल. आणि मॅट्रिक नापास होऊन नाटक कंपनीबरोबर पळालेल्या चुलत आजोबांना अडीच पानं, फोटोसकट, आणि माझी नोंद अशी: "कन्या मनीषा. विवाहित. परदेशी." चार शब्दांपुढे काही नाही. तार मलाही केलीत तुम्ही. एम.एस्सी. घाला, नोकरी घाला, ईशानचं नाव घाला. बघणारा म्हणेल, मुलगी लग्न करून दिली ती हवेतच विरली. जावयांच्या नावापुढे 'संगणक तज्ज्ञ' लिहिलंयत, ते या आठवड्यापुरतं राहू द्या, त्यांना आधाराची गरज आहे.

आई, तू कुंकवाची डबी पुन्हा पाठवलीस तर चालेल, फक्त सोबत चिठ्ठी घाल, कशाकशाला लावायचं नाही त्याची. दिवाळीचा फराळ पोचला. चकल्या मोडल्या, अनारसे शाबूत. कस्टमने करंज्या उघडून पाहिल्या असाव्यात, कारण एक कमी आहे.

कळावे. आशीर्वाद असावा.

तुमची,
मनू

ता. क. खालचं ईशानने स्वतः लिहिलंय, मी हात लावलेला नाही:
आजोबा लाल दिव्याचा माउस दुकानात परत देउ नका. बोक्याला पण देउ नका. मी जुलै मदे येनार आहे.